भुवयांमधल्या चिरा

मबरूका : आता आणखी कसली तपासणी? बाटली टांगलेली दिसतेय मला. करा की चालू!

डॉ. मुनीरा : मबरूका खाला, निझारला आज हे औषध देणार नाही मी. आधी रक्त तपासू.

मबरूका : तीन महिने लेकाच्या मानेतली गाठ वाढतेय. केफहून पहाटेच्या बसने आणलंय त्याला, आणि तुम्ही म्हणता थांबा!

मुनीरा : दोनच दिवस. लहानपणी त्याला कावीळ झाली होती?

मबरूका : नाही.

मुनीरा : बशीरच्या वेळीही असंच झटकन ‘नाही’ म्हणालात.

मबरूका : माझ्या मेलेल्या थोरल्याला मध्ये आणू नका.

मुनीरा : मी कुठे आणतेय? चार वर्षं झाली, कुणालाही ही बाटली लावायला गेले की त्याचे पिवळे डोळे समोर येतात. त्याची गाठ विरली, तुम्ही वॉर्डभर मक्रूदची मिठाई वाटलीत, आणि पुढच्याच महिन्यात त्याचं यकृत गेलं.

मबरूका : अल्लाची मर्जी.

मुनीरा : माझी चूक. तुमच्या शब्दावर विसंबले, रक्त तपासलंच नाही... निझारच्या भुवयांमध्ये बारीक चिरा आहेत, त्या कसल्या?

मबरूका : पोरं पडतात, धडपडतात.

मुनीरा : पडून तीन सारख्या चिरा?



मबरूका : गावातली म्हातारी पात्याने कापायची. पिवळं रक्त काढलं की आजार गेला. वर बजावायची, पुन्हा त्याचं नाव काढलंत तर माघारी येईल. म्हणून घरात कुणी काढलं नाही.

मुनीरा : बशीरलाही कापलं होतं?

मबरूका : एकाच सकाळी दोघांना. एकाच पात्याने.

मुनीरा : खाला, त्या काविळीचा विषाणू कधीकधी जात नाही. यकृतात गप्प पडून राहतो. हे औषध अंगातली राखण काढून घेतं, मग तो उठतो.

मबरूका : म्हणजे माझा निझारही...

मुनीरा : नाही! रक्तात सापडलाच, तर रोज एक गोळी. बाटली लावायच्या आधीपासून, आणि उपचार संपल्यावरही दीड वर्ष. बरं वाटलं म्हणून एक दिवसही चुकवायची नाही. मग सहसा तो डोकं वर काढत नाही.

मबरूका : एक गोळी... बशीरला दिली असती तर?

मुनीरा : बहुतेक आज असता.

मबरूका : मी नाव नाही काढलं. तरी माघारी आला मेला.

मुनीरा : तुम्ही नाही सांगितलंत, मी नाही तपासलं.

मबरूका : कागद घे, पोरी. लिही, कावीळ झाली होती.

मुनीरा : लिहिते. निझार, वय...

मबरूका : थोरल्याचं आधी.