एक कोटी एकोणिसाला भाग जाईना

पण हाच आकडा का? सांगा ना! एक कोटी अठरा का नाही, वीस का नाही? दादाला विचारलं की नुसता हसायचा, आणि आता तर विचारायचीही सोय नाही... तुम्हाला सांगतो, दादा लेथवर कामाला, सकाळी चालत गेला, अकरा वाजता मशीन चालू आणि दादा बंद! छातीत कळ, खेळ खलास. पिशवीतून घरी काय आलं? डबा, चष्मा आणि एक वही. वहीत काय? एक कोटी एकोणीस!

सहा महिने जेवणाच्या सुट्टीत बसून त्याला भागत होता हो! मला म्हणायचा, "छोट्या, हा फुटत नाही असं वाटतंय. पण नुसतं वाटून काय उपयोग, भागून बघायला नको?" एकोणीसशे नव्व्याण्णवपर्यंत पोचलेला, बाकी एक हजार एकवीस, आणि पुढचं पान कोरं. ते कोरं पान मला बघवेना. सातवीतून शाळा सोडलेला मी, बसलो की! दोन हजारनं भागलं, बाकी एकोणीस. दोन हजार एकनं, बाकी एक हजार बावीस. दोन हजार दोन...

वहिनी दारातून म्हणते, "भावोजी, दोन घास खाऊन घ्या, तो आकडा कुठं पळून जातोय?" अहो वहिनी, तो जात नाही हेच तर दुखणं आहे! गॅरेजवाला म्हणतो, "आण इकडे, मोबाइलवर टाकतो, सेकंदात सांगतो!" सेकंदात? अरे, सेकंदात तर दादा गेला!

दोन महिने! चार हजार सातशे अकरा झाले, एक कोटी एकोणीस जागचा हलेना! शेवटी वही काखोटीला मारली आणि गेलो गणिताच्या बाईंकडे. त्याच बाई, मला नापास करून करून दमलेल्या. चष्मा सावरत म्हणाल्या, "अरे, विषम आकडा आहे हा, दोननं भाग जात नाही तर दोन हजारनं कसा जाईल? आणि एवढं पुढे कशाला गेलास? तीन हजार एकशे बासष्टलाच संपलं होतं, वर्गमूळ तिथंच येतं! त्याच्यापुढच्या कुणानं भाग जात असता, तर त्याचा धाकटा जोडीदार आधीच सापडला असता."

"म्हणजे?"

बाईंनी पानांवरून बोट फिरवलं... फिरवलं... "म्हणजे फुटत नाही. अविभाज्य आहे. तुझा दादा बरोबर होता."

महिन्यापूर्वीच संपलेलं! आणि मी आपला भागतोय! आता सकाळी उठून मी करू काय, ते सांगा ना!

घरी आलो. शेवटच्या पानावर लिहिलं, एक कोटी एकोणीस, अविभाज्य. खाली, तपासणारा म्हणून, दादाची सही ठोकली. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर ठोकली होती, तेव्हा दादाची अशी कानफटात बसली होती, अशी... तुम्हाला सांगतो, बराच वेळ गाल पुढे करून बसलो.

नाही मारली.