बारा टक्के

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे एक बाई उभ्या होत्या.

"सकाळपासून चार्जिंगला लावलाय, दादा, पण बारा टक्क्यांच्या पुढे हलतच नाही."

"केबल बदलून पाहिली, पिनमधला कचराही काढला. अहो, तुमचा कॉल चालूच आहे की! मग कसा चार्ज होणार? कट करतो."

"नको, हात लावू नका! पलीकडे माझी धाकटी बहीण आहे. नवरा घरात असला की ती मला फोन लावून ओट्यावर ठेवते. मी नुसती ऐकत असते."

"पण ताई, इथे तर फक्त नळाचा आवाज येतोय."

"आणि भांड्यांचा? आत्तापर्यंत भांडी घासत होती हो ती."