पत्र्याच्या डोक्याचा सत्कार

भागवत: डोकं काढू नका, काका! पाया पडतो तुमच्या, पण डोकं काढू नका!

शेषेराव: आरं भागवत, नाकाला खाज सुटलीय. पत्र्यातून हात आत जाईना. डोकं न्हाई काढायचं तर खाजवू कशानं?

भागवत: खिडकी उघडी आहे. बाहेर आमदार साहेबांची माणसं उभी आहेत. कुणी बघितलं तर माझं बॅनरचं दुकान, हा महोत्सव, माझी इज्जत, सगळं गेलं औशाच्या किल्ल्याच्या खंदकात.

शेषेराव: मग तू खाजव. ह्या भोकातून बोट घाल. डावीकडं. आनखी खाली. आरं डोळ्यात न्हाई रं, मुडद्या!

वर्षाराणी: आगं बाई! भागवत भाऊ, माझ्या सासऱ्याच्या डोळ्यात बोट कामून घालायलाव?

भागवत: आलात ताई? दार लावा आधी. कडी घाला.

वर्षाराणी: मी तिकडं जनरेटरवाल्याच्या डोक्यावर बसून लाईट आणली, प्रोजेक्टर लावला, आन् तुमी दोघं इथं नवरीच्या खोलीत लपून बसलाव? पिच्चर लावायचा का न्हाई माझा? आन् मामा, ही शाल कसली? डब्यावर फेटा कुणी बांधला?

शेषेराव: माझा सत्कार झाला, बाई.

वर्षाराणी: तुमचा सत्कार पिच्चर झाल्यावर ठरला होता. कलाकार म्हणून.

शेषेराव: कलाकाराचा न्हाई झाला. मशीनचा झाला.

भागवत: मी सांगतो. आपण काकांना ह्या ड्रेसमध्ये मंगल कार्यालयाच्या दारात उभं केलं होतं, बरोबर? पाहुण्यांवर फुलं टाकायला. पब्लिकला जरा विज्ञान वाटावं म्हणून.

वर्षाराणी: ड्रेस म्हणे. अत्याबाईची, माझ्या सासूची, ज्वारीची पत्र्याची कोठी कापून केलंय ते. डोकं गोड्या तेलाच्या डब्याचं, पाठीवर फवारणीचा पंप. पुढं?

भागवत: साहेब आले. थांबले. विचारलं, हे काय? मी म्हटलं, यंत्रमानव, साहेब. म्हणजे पिच्चरमधला, असं पुढं म्हणणारच होतो, पण तेवढ्यात साहेबांनी पत्र्यावर टिचकी मारून बघितली. म्हणाले, जपानी का? मी म्हटलं, नाही साहेब, आपल्या औशातच बनवलाय.

शेषेराव: टिचकी माझ्या कानापाशी मारली. आजून घुमायलंय.

भागवत: आणि साहेबांनी काकांच्या खांद्यावर हात टाकून थेट स्टेजवर नेलं ओ! माईकवर बोलले, मराठवाड्याचा पहिला यंत्रमानव, आपल्या तालुक्यात! मी काय करणार? स्टेजवर जो दिसंल त्याला शाल घालायची, ही आपली पद्धत. खाली उतरवायचं तरी सत्कार करूनच उतरवावं लागतं.

वर्षाराणी: आन् एवढ्या गर्दीत एकानं बी वळखलं न्हाई?

भागवत: वळखलं ना! काकूंनी. बायकांच्या रांगेतून उठल्या आणि ओरडल्या, ही माझी कोठी हाय! पळत गेलो, त्यांना बी एक हार घातला. गप बसल्या. सत्कार केला की माणूस गप बसतो, ताई. सकाळपासून हेच करायलोय.

वर्षाराणी: ते दिसलं मला. नाव काय, तर पहिला आंतरराष्ट्रीय कृत्रिम बुद्धिमत्ता विज्ञानपट महोत्सव. आंतरराष्ट्रीय कशानं, तर बिदरहून एक पोरगं आलंय म्हणून. त्याचा पिच्चर लावला का?

भागवत: त्याला शाल देऊन वाटेला लावलं. लांबचा प्रवास होता त्याचा.

वर्षाराणी: बिलोलीच्या सरांचा?

भागवत: चालू केला होता. पण मंडपवाल्याचा सत्कार राहिला होता, तो मध्येच नाराज झाला. मग बंद केला.

वर्षाराणी: म्हणजे पिच्चरच्या महोत्सवात पिच्चर एकच राहिला. माझा.

भागवत: तेच तर बोलायचंय. साहेब कधी बसत नाहीत, नारळ घेतला की गाडीत. आज नवरदेवाच्या खुर्चीवर बसलेत. म्हणाले, आपल्या यंत्रमानवाचा पिच्चर बघूनच जातो. आणि ताई, तुमच्या पिच्चरमध्ये शेवटी काय होतं?

वर्षाराणी: मशीन डोकं काढतं.

भागवत: आणि आत कोण निघतं?

शेषेराव: मी निघतो.

भागवत: मग? एवढ्या लोकांसमोर साहेबांनी कुणाला शाल घातली, हे त्याच पडद्यावर, साहेबांच्याच पुढं दिसणार. बॅनरवर कॉम्प्युटरनं साहेबांना केस दिलेत, त्यामुळं कधी नाही ते खुशीत आहेत. म्हणाले, ही बुद्धिमत्ता चांगली आहे. ते सगळं पाण्यात जाईल. ताई, शेवट कापा.

वर्षाराणी: शेवट कापा? सहज बोलून मोकळे झालाव. शेवट म्हणजेच पिच्चर आहे, भाऊ! गाव सगळं मशीनच्या पाया पडतंय, सल्ला विचारतंय, नारळ फोडतंय. शेवटाला ते डोकं काढतं. आत घामानं भिजलेला म्हातारा. म्हणतो, पाणी द्या. कुणी देत न्हाई. समदे म्हणतात, डोकं घाल आधी. तेवढ्यासाठी केलंय मी हे. लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ जोडून जोडून डोळे गेले माझे. नवरदेव, नवरी, करवली, आहेर, हेच करत बसले जिंदगीभर. एक पिच्चर माझा स्वतःचा. एक!

शेषेराव: भागवत, पाणी दे की थोडं.

भागवत: थांबा काका, हे मिटू द्या.

वर्षाराणी: मिटलंच. मी जाते स्टेजवर आन् माईकवर सांगते, साहेब, आत माझे सासरे आहेत, येळवाडीचे शेषेराव. नाचक्की झाली तर होऊ द्या. ज्याला कोठी आन् मशीन कळत न्हाई त्यानं कामून यावं विज्ञानाच्या महोत्सवाला?

शेषेराव: थांब, बाई. जाऊ नगं.

वर्षाराणी: तुमी बी भ्यालाव का मामा?

शेषेराव: भ्यायलो न्हाई. मी वर बोललोय कायतरी.

वर्षाराणी: काय बोललाव?

भागवत: अहो, मी सांगितलं होतं, मशीनसारखं नुसती मान हलवा. पण साहेबांनी त्यांच्या तोंडापाशी माईक धरला. विचारलं, सांग बाबा, तुला सगळं कळतं, आपल्या भागाच्या विकासाला काय पाहिजे? मी तिकडून हात जोडायलोय, काका, जय महाराष्ट्र म्हणा आणि सुटा.

शेषेराव: मी म्हनलं, येळवाडी ते औसा, सकाळची गाडी. कॉलेजच्या टायमाला.

वर्षाराणी: मामा!

शेषेराव: इचारलं की त्यानं. कवा न्हाई ते कुणी इचारलं, मग सांगून टाकलं. डब्यात आवाज बी असा घुमला, मलाच माझी भीती वाटली.

वर्षाराणी: मग? साहेब काय म्हणाले?

भागवत: मग टाळ्या! साहेब म्हणाले, बघा, ह्याला म्हणतात बुद्धिमत्ता! आपण आमदार-खासदार विकास विकास करतो, ह्यानं सेकंदात सगळा हिशोब लावून नेमकं सांगितलं. तिथल्या तिथं फोन लावला, माईक चालूच. सोमवारपासून गाडी. मशीन म्हणतंय म्हणजे खोटं असेल का, म्हणाले.

वर्षाराणी: आन् तुमी गेलता की त्यांच्या बंगल्यावर. ह्याच गाडीसाठी.

शेषेराव: गेलतो की. पायपुसण्यापाशी चपला सोडून बसलो. एकदा म्हनले, साहेब झोपलेत. एकदा म्हनले, साहेब लग्नाला गेलेत. मग एकदा साहेब सोता समोरून आले. मी उठून हात जोडले. म्हनले, ती कुंडी तिकडं उन्हात ठिव.

वर्षाराणी: मग?

शेषेराव: ठिवली. काय करतो मग?

भागवत: साहेबांच्या डोक्याला फार ताप असतो, काका.

शेषेराव: आसंल. आज त्याच हातानं शाल घातली मला. वर म्हनले, जपून, धक्का लागू देऊ नका ह्याला. माझ्या जिंदगीत मला कुणी असं जपलं न्हाई, बाई. आईनं सुदिक न्हाई.

वर्षाराणी: आता आत माणूस निघाला, तर गाडी गेली.

भागवत: गाडी जाईल, आणि वर गावावर राग. मी ओळखतो त्यांना. हसं झालं की साहेब विसरत नाहीत.

शेषेराव: तुझ्या लेकीचं, तनुजाचं बग, बाई. दहावीला पोरगी शाळेत पैली आली. औशाच्या कॉलेजात नाव घातलं, वही-पुस्तक आनलं, आन् रस्ता खराब म्हून सकाळची गाडी बंद. दिवाळीपासून घरी हाय. काल कस्तुराबाई आलती.

वर्षाराणी: कशाला?

शेषेराव: शिरूर अनंतपाळचं स्थळ घेऊन. पोरगा नोकरीला हाय म्हनली. तुझा नवरा म्हनला, बगू. न्हाई म्हनला न्हाई. घरी बसलेली पोरगी लोकाच्या डोळ्यावर येती.

वर्षाराणी: मला सांगितलं न्हाई कुणी.

शेषेराव: तू पिच्चरच्या नादात होतीस. म्हनलं, आजचा दिवस होऊ दे तिचा.

वर्षाराणी: सोळा वर्षाचं लेकरू हाय ते, मामा. डॉक्टरीण होते म्हणती. लातूरला जाऊन शिकते म्हणती. मी आईबाप म्हणतील तिथं बोहल्यावर उभी राहिले, ती बी तशीच राहील काय?

शेषेराव: म्हून तर बोललो.

भागवत: ताई, साहेबांचा माणूस दार वाजवायलाय. आलो आलो, दोन मिनिट! तांत्रिक अडचण आहे! काय करायचं ते लवकर बोला.

वर्षाराणी: मामा, माझा एकच पिच्चर हाय हो.

शेषेराव: हाव की. आन् माझं तोंड एकच. ते बी शेवटालाच हाय त्याच्यात. केवळाला, तुझ्या सासूला, दावायचं होतं. वरीसभर शिव्या दिल्या मला तिनं, कोठी कापली म्हून. म्हनली, म्हातारपणी तमाशात नाचायलंय. म्हनलं, बगच तू, डोकं काढलं की कसा दिसतो मी. त्या शॉटला खरंच रडू आलतं मला. मी रडलो, आन् तू म्हनलीस, हे कापायचं न्हाई.

वर्षाराणी: ठावं हाय मला. कॅमेरा मीच धरला होता.

शेषेराव: मग बग तू. तू म्हनशील तसं. दाव म्हनलीस तर आत्ता डोकं काढतो आन् साहेबासमोर जाऊन उभा राहतो.

भागवत: काका, काढू नका म्हटलं ना!

वर्षाराणी: तुमी गप बसा. लॅपटॉप द्या इकडं.

भागवत: कापताय?

वर्षाराणी: गप बसा म्हणले ना! कुठपर्यंत ठेवायचं सांगा.

भागवत: मशीनचा हात डोक्याकडं जातो ना, तिथपर्यंत. नमस्कार केल्यासारखं वाटेल. वर एक देशभक्तीचं म्युझिक टाका.

वर्षाराणी: म्युझिक टाकणार न्हाई. एवढी बेइज्जती पुरे. मामा, तिकडं बघा. हे बघू नका.

शेषेराव: बगतो की. ह्या भोकातून लांबचं कुठं दिसतंय मला. हे जवळचं तेवढं दिसतंय. आगं, तू रडायलीस का?

वर्षाराणी: न्हाई. जनरेटरचा धूर गेला डोळ्यात. घ्या, भागवत भाऊ. न्या. लावा.

(पिच्चर संपतो. बाहेर टाळ्या, फटाके, मग गाड्यांचे हॉर्न.)

भागवत: ताई! काका! काय पिच्चर झाला! साहेब उभे राहिले ओ! म्हणाले, असा अभिनय माणसाच्या बापाला जमणार नाही.

शेषेराव: माणसाचा आजा हाय मी.

भागवत: उत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस यंत्रमानवाला. ट्रॉफी गाडीत ठेवली आहे, साहेब ती बंगल्यावर शोकेसला लावणार. तुम्हाला बी शाल होती ताई, पण संपल्या. शेवटची साहेबांच्या ड्रायव्हरला घालावी लागली.

वर्षाराणी: असू द्या. आन् गाडी?

भागवत: पक्की. जाता जाता परत बोलले, सोमवार म्हणजे सोमवार, मशीनचा शब्द आहे. फक्त एक आहे, साहेब विचारत होते, येत्या महिन्यात नांदेडला उद्घाटन आहे, तिथं नेऊ का यंत्रमानव?

वर्षाराणी: त्यांना सांगा, चार्जिंगला लावलाय.

भागवत: आणि काका, काकूंचा निरोप आहे. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, कोठीला सांग, सोमवारपर्यंत तोंड उघडू नगं म्हणावं.

शेषेराव: आसं म्हनली?

भागवत: मला काही कळलं नाही. मी म्हटलं, काकू, हार घातल्यावर एकदम कशा काय गप बसलात? तर म्हणाल्या, तुझ्या हारानं कोण गप बसतंय, मी गाडीचं ऐकून खाली बसले. डावा पाय घासत चालणारं मशीन जगात एकच हाय, म्हणाल्या.

शेषेराव: वळखलं म्हन की म्हातारीनं.

भागवत: चला, मी खुर्च्या मोजून देतो मंडपवाल्याला. तुम्ही अंधार पडल्यावर मागच्या दारानं निघा.

वर्षाराणी: जा. मामा, गेला तो. काढा आता डोकं. हे घ्या पाणी. सावकाश, ठसका लागंल. कपाळाला पत्रा काचलाय बघा सगळीकडं.

शेषेराव: आऽऽह. आता कसं गार वाटलं. तो कापलेला तुकडा फेकलास का, बाई?

वर्षाराणी: न्हाई. ठेवलाय. आज घरी गेल्यावर अत्याबाईंना दाखवते, भिंतीवर चादर लावून. तनूला बी. आन् सोमवारी फाट्यावर तनूला सोडायला तुमीच जा. हे डोकं राहू द्या घरी, ज्वारी भरायला होईल त्यात.

शेषेराव: न्हाई, बाई. पैल्या दिवशी तरी डोकं घालूनच जातो. माणसानं हात केल्यावर गाडी थांबलेली मी कवा बगितली न्हाई.