सोललेली द्राक्षं

"ही मक्याची लापशी, ग्रिट्स, आजही गारच! लोकांच्या डोळ्यांची एवढी काळजी, पोटाची कुणाला नाही."

अटलांटात काळ्या नेत्रतज्ज्ञांचा मेळावा होता. नाश्त्याच्या रांगेत माझ्यापुढे पिकल्या केसांच्या डॉ. मोझ्बी कुरकुरत होत्या. शेजारी त्यांची शिष्या केझाया, डोळ्यांच्या शस्त्रक्रिया शिकण्याच्या शेवटच्या वर्षाला.

"द्राक्षं घे ना."

"नको, मॅडम."

"अगं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हात बसावा म्हणून माझ्या ओट्याशी टोपलीभर सोलली होतीस की सुईनं!"

"हात बसलाय हो. ऑपरेशनला डोळा कुणी देत नाही."

"परत?"

"सोमवारी माझा पेशंट टेबलावर होता. आमच्या विभागाच्या सरांनी माझ्या जागी गोऱ्या पोराला उभं केलं. मला म्हणाले, तू थेंब घाल."

"मी बोलते त्यांच्याशी."

"तुम्ही बोललात तेव्हापासून तर नुसते थेंबच घालतेय."

"धीर धर. आज सभेत नव्या पोरींना सांग, आपल्यातल्याही टिकतात म्हणून."

"गेल्या वर्षी तुमच्या आधीच्या शिष्येनं, रोशेलनं, हेच सांगितलं होतं. कुठाय ती?"

"रांग सरकली बघ."

"मॅडम, कुठाय ती?"

"ऑपरेशनं सोडून विमा कंपनीत."

"मग मी काय सांगू त्या पोरींना?"

"काही सांगू नकोस. माझ्या शब्दाला तुझ्या हॉस्पिटलात किंमत नाही, पोरी. कधीच नव्हती. तूही सोड."