फेक्लाच्या टाक्याआडचं अक्षर

“शेवटचं कोण?” असं विचारून मी माझा चहाचा समोवार घेऊन चित्रं-भांडी पारखणाऱ्याच्या रांगेत उभी राहिले. माझ्या पुढच्या बाईची पाळी आली होती; तिनं गोणपाटावर रंगवलेलं चित्र त्याच्यापुढं ठेवलं.

“कापितोलिना सावेल्येव्हना, लाल चौकोन, काळी दांडी! या चित्रकाराची खोटी चित्रं रोज दोन येतात माझ्याकडं.”

“खोटं कसं? माझ्या सासूच्या चुलीपाशी हिवाळाभर पडून होता तो चित्रकार!”

“तसा कागद आहे? खरं ठरलं तर लिलावात घराएवढी किंमत येईल. नाहीतर गोणपाटाचे पैसे.”

“माझं छप्पर गळतंय, आणि तुम्ही कागद मागताय! सासू निरक्षर. लिहिलेलं दिसलं की म्हणायची, बला येईल. म्हणून तर मागं फडकं शिवलंय.”

“म्हणजे मागं लिहिलंय? कात्री कुठंय?”

“हळू! तिचा टाका आहे.”

“‘फेक्ला, तुझ्या कोबीच्या सूपवर हा हिवाळा जगलो. द्यायला माझ्याकडं एवढंच आहे.’ खाली सही. हे अक्षर मी झोपेतही ओळखीन. खरं आहे, बाई!”

“छप्पर होईल?”

“दहा होतील.”

“आणि आम्ही तिला जन्मभर हसलो, की वेडीनं सूप देऊन रंगवलेलं गोणपाट घेतलं. परत वाचा हो. जरा मोठ्यानं, तिला कमी ऐकू यायचं.”