सामाजी सुतारांचा शनिवार

मंडळी, रिबकाबाई, आज रविवार, कारखाना बंद. तरी तुमी घरी न बसता सामाजीभाऊंची आठवण कराले इथं आले. मले बोलाले उभं केलं, पण असं बोलाची सवय मले नाई. तरी बोलतो. माह्या पायावर सामाजीभाऊंचा हक्क हाय.

भाऊ कोकणातून अकोल्यात आले. जातीचे इस्रायल, म्हणजे यहुदी. तिकडे त्यायच्या बापाचा तेलाचा घाणा. शनिवारी बंद राहे, म्हणून लोक त्यायले शनिवार तेली म्हणत. भाऊ सुतारकी शिकले. अमेरिकेत लढाई पेटली, आपल्या कापसाले विलायतेत मागणी आली, अन् कापूस दाबून गाठी बांधायचे लाकडी दाब सांभाळाले कारखान्याच्या साहेबानं त्यायले बोलावलं.

सहा दिवस माणूस राबे, रविवारी बंद दाबांची दुरुस्ती करे. सातव्या दिवशी, शनिवारी, हत्याराले हात लावत नसे. बाळापूरच्या कापसाच्या गाड्या दारात रांगेनं उभ्या असल्या तरी नाई. साहेब चिडला, काढून टाकीन म्हणाला. भाऊ म्हणाले, काढा, पण हा दिवस माझा नाही, देवाचा आहे. तसा सुतार दुसरा भेटला नाई, म्हणून साहेबानं ठेवलं.

मी एकदा इचारलं, भाऊ, देवाच्या भेवानं पाळता काय? तुमाले मालूम हाय, इथं आल्या वर्षीच त्यायची अन् रिबकाबाईची सात वर्षांची लेक पटकीत गेली. ते त्या वर्षाचं बोलले. म्हणाले, तेव्हा मनात देवाबद्दल काहीच उरलं नव्हतं. राग पण नाही. पण सकाळ-संध्याकाळ डोळ्यांवर हात ठेवून जी प्रार्थना म्हणायची, ती सोडली नाही. त्या प्रार्थनेत हाय, सगळ्या मनानं, सगळ्या जिवानं देवावर प्रेम कर.

"गंगाराम, मला ते शब्द खोटे वाटत. तरी म्हणायचो. वर्षानं एका शनिवारी अंगणात बसलो होतो. पोरीचं बोलणं आठवलं, आणि पहिल्यांदाच देवाला म्हणालो, दिली होतीस, बरं केलंस."

तिथून प्रेम परत येऊ लागलं म्हणे. हळूहळू. प्रेम कराची पण सवय लागते काय, मंडळी? मले तवा समजलं नाई.

मंग तो शनिवार आला. दाबाचा खांब फाटला अन् सारं वजन माह्या पायावर पडलं. मी खाली अडकलो. कोणी तरी भाऊंच्या दारी धावलं. ते प्रार्थनेले बसले होते. तसेच उठले, अनवाणी आले, करवत घेतली. खांब कापला. मले ओढून काढलं. तुमच्यातले चौघं तिथं होते.

मी रडलो. म्हटलं, भाऊ, माह्यापायी तुमचा शनिवार मोडला.

"जीव वाचवायला शनिवार बाजूला ठेवायचा, हे पण देवाचंच सांगणं आहे," ते म्हणाले. "त्याच्याबद्दल आजच्याइतकं प्रेम मला कधीच वाटलं नव्हतं."

साहेबाले वाटलं, आता हा शनिवारी पण येईन. पुढच्या शनिवारी भाऊ घरीच. साहेबानं मंग काढून टाकाचं नाव कधीच घेतलं नाई.

बुधवारी भाऊ गेले. शेवटच्या दिवशी तापानं हात उचलवत नव्हता. प्रार्थनेच्या वेळी रिबकाबाईनं तो उचलून त्यायच्या डोळ्यांवर ठेवला. मातीच्या वेळी प्रार्थनेले दहा इस्रायल पुरुष पाहिजेत. अमरावतीहून चौघं आले, तरी दहा भरले नाईत. मागं आमी सारे उभे राहिलो. दाबावरचे, गाडीवाले, माळी, मुसलमान. आमची गिनती होत नाई, पण उभे राहिलो.

परवा शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी मी त्यायच्या घरी गेलो. त्यायचा शनिवार शुक्रवारी दिवस मावळताच लागते. रिबकाबाई शनिवारचा दिवा लावून राहिल्या होत्या. म्हटलं, बाई, आज पण?

"आज मन नाही लागत, गंगारामभाऊ," त्या म्हणाल्या. "मन लागेपर्यंत लावायचा."

मंडळी, मी पण अलीकडे सकाळी आंघोळ करून देवापुढं बसतो. मन कुठं कुठं पळते. तरी बसतो. कालच्यापेक्षा आज घडीभर जास्त बसलो.

आता सारे उभे राहा. घडीभर कोणी बोलू नका. ज्याले जो देव ठाऊक, त्याले आठवा.

सामाजीभाऊ, रामराम घ्या.