बंद म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही

आमचं मूळ साताऱ्याकडचं. आजा फौजेबरोबर घोड्यांना नाल ठोकत इकडे माळव्यात आला आणि देवासला राहिला, बापानंही नालच ठोकले, मग पागेतली घोडी गेली, मोटारी आल्या, आणि मला धारला एका सरदारांच्या मोटारखान्यात लावलं. सरदारांचं नाव नाही सांगत, त्यांची नातवंडं अजून भेटली की काका म्हणतात. तिथं मिस्त्री होते रहीमचाचा, माझे उस्ताद. पाना धरायला त्यांनी शिकवलं आणि, काय सांगू तुम्हाला, मारलंही त्याच पान्यानं.

सरदारांनी एक लाल मोटार आणवली होती, दोन माणसांची, बुटकी, नुसती पळायची. तिला तेलाचे ब्रेक. तेव्हा ते नवेच निघाले होते. पायडल दाबलं की नळीतलं तेल पुढे सरकतं आणि चाक धरतं. पण नळीत हवा शिरली की ती हवाच दबते, पाय खाली जातो आणि चाक आपलं फिरतच राहतं. आमचं तेच झालं होतं. पहिल्यांदा दाबलं की पायडल पार खाली, भराभर तीनचारदा दाबलं तर कुठं जरा कडक. आणि सरदार म्हणालेले, परवा बाईसाहेबांना घेऊन धरमपुरीला नर्मदेवर जाणार, ब्रेक झाले नाहीत तर रहीम, तुझं बिऱ्हाड उचल. धरमपुरी म्हणजे घाट उतरणं आलं. बिऱ्हाडाचं सोडा, त्या दोघांच्या जिवाचा प्रश्न होता.

चाचांनी चारी चाकांशी बोट फिरवून पाहिलं, कुठं ओल नाही. तेलाचं भांडं भरलेलं. मग हवा काढायला बसलो. चाकामागं हवा सोडायचं बोंड असतं, त्याला रबरी नळी लावायची, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं, एकानं पायडल दाबायचं, दुसऱ्यानं बोंड ढिलं करायचं, बुडबुडे निघाले की आवळून बंद म्हणायचं, आणि ते ऐकल्यावरच पायडल सोडायचं, नाहीतर गेलेली हवा परत आत. तीनदा केलं. पायडल लोण्यासारखं ते लोण्यासारखंच. चाचा म्हणाले, भिया, ये मोटर नहीं भैंस है, दूध चढ़ा के बैठी है.

आता आमची खोड ऐका. त्या गाडीत सरदारांच्या जागेवर दुसऱ्यानं बसायचं नाही. दसऱ्याला त्या जागेला हळदकुंकू लागायचं. गाडी हलवायची तरी आम्ही ढकलून हलवायचो. मग पायडल कसं दाबायचं, तर बाहेर उभं राहून, वाकून, हातानं. मी म्हटलं चाचा, हातानं ते दाबून धरवत नाही, बोंड आवळायच्या आत वर येतंय, हवा नळीतच मागंपुढं होतेय, मी आत बसतो. म्हणाले, पागल है क्या, खाल खींच लेंगे. मी म्हटलं, घाटात गाडी गेली तर ती जागा काय पुजायची? चाचा उठले. मग पोतं आणून जागेवर अंथरलं आणि तोंड फिरवून म्हणाले, मैंने नहीं देखा.

बसलो. पाय दिला, पायडल खोल गेलं आणि बाटलीत मोठमोठे बुडबुडे. तीन चाकं अशी झाली, चौथं चालू होतं, तेवढ्यात दारात सरदार.

उतर, म्हणाले.

चाचा गाडीखाली, बोंड उघडं, माझा पाय खाली. मी म्हटलं सरकार, आता पाय उचलला तर हवा परत शिरेल, चाचांनी बंद म्हटल्याशिवाय उचलत नाही. आयुष्यात कुणा सरदाराला नाही म्हटलेलं ते पहिलंच. ते उभे, मी बसलेला. पाय तसाच खाली दाबून धरला. खालून आवाज आला, बंद. मग पाय उचलला आणि उतरलो.

सरदारांनी पोतं सारलं, बसले, पायडल दाबलं. दगडासारखं. संध्याकाळी कारभारी येऊन म्हणाले, उद्यापासून तू येऊ नकोस. चाचा राहिले. आणि गाडी घाट उतरून, चढून, सुखरूप आली. बाईसाहेबांनी मोटारखान्यात प्रसाद पाठवला. माझ्या वाटणीचा चाचांनी पुडी बांधून देवासला माझ्या घरी धाडला.

तुमच्यासारखे लिहिणारे म्हणतात, हा अन्याय. आहेच, लिहा तसं. पण मला चाचांच्या हाताखालून गेलो याचंच जास्त लागलं. देवासला दुकान काढलं, आणि नव्या पोराला पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या गाडीत त्याच्याच जागेवर बसवायचो.

आता हात कापतात. चाचा जाऊनही वर्षं झाली. ओट्यावर बसल्याबसल्या कधी हा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो, आणि मग उचलवत नाही. सूनबाई विचारते, बाबा, पायाला काय झालं? काही नाही म्हणतो. बंद म्हणणारा माणूस नाही राहिला, एवढंच. जा भिया, सांभाळून जा, तुम्हाला सगळे घाट सुखाचे जावोत.